डॉलिस हिल, लंडन : १९५७ ते १९६७ ची आमची गल्ली

खाडीकाठ

परवा दुसऱ्या एका धाग्यावर लंडनच्या वायव्य भागाबद्दल एक वाक्य वाचलं, "तिकडे आता मूळचे लोक उरलेच नाहीत." लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्या 'मूळचे' शब्दापाशी मी दोन दिवस अडून बसलोय. त्याच भागात, डॉलिस हिलला, माझी सहा ते सोळा वयाची वर्षं गेली. म्हणून हा धागा. आठवेल तसं लिहितो.

१९५७ च्या ऑगस्टात आई, मी आणि धाकटी बहीण बॅलार्ड पियरहून निघालो. वडील वर्षभर आधी गेले होते. पार्क रॉयलच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. सुएझ कालवा त्याच वर्षी एप्रिलात पुन्हा सुरू झाला होता, त्यामुळे आफ्रिकेला वळसा न घालता बोट टिलबरीला लागली. गिरगावात चाळीतली दीड खोली सोडून आलेलो, आणि इथे एका जुळ्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे लांबलचक परसू. ते परसू पाहून आई रडली. मालवणचं माहेर सुटल्यापासून तिला हात घालायला माती मिळाली नव्हती.

घरं सगळी एका साच्यातली. दोन-दोन घरं एकमेकांना खेटून, मधे एकच सामाईक भिंत. पुढे बाहेर आलेली मोठी खिडकी, कमरेएवढं प्रिव्हेटचं कुंपण, आणि दारात रंगीत काचेचा उगवता सूर्य, पिवळे-नारिंगी किरण फाकलेला. आमच्या रस्त्यावर जवळपास प्रत्येक दारात हा सूर्य होता. आई सकाळी दुधाच्या बाटल्या आत घ्यायला जायची तेव्हा आधी त्या काचेला हात जोडायची.

परसाच्या टोकाला एक मातीचा उंचवटा होता आणि त्याच्या आत पन्हळी पत्र्याची कमान. ते अँडरसन शेल्टर. बॉम्बपासून बचावासाठी सरकारने १९३९ पासून घरोघरी वाटलेलं : सहा वाकवलेले पत्रे माथ्यावर बोल्टने जोडायचे, अर्धं जमिनीत गाडायचं आणि वर माती लोटायची. आम्ही गेलो तेव्हा युद्ध संपून बारा वर्षं झाली होती. आत फावडी, फुटक्या कुंड्या आणि कोळ्यांची जाळी. वरच्या मातीत कुणीतरी काहीतरी लावून ठेवलेलं होतं. १९५८ च्या वसंतात तिथून तांबडे देठ वर आले आणि पंधरा दिवसांत सुपाएवढी पानं पसरली.

आईला ते अळू वाटलं! आठ महिने तिने अळू पाहिलं नव्हतं. तिने चार-पाच पानं कापली, मागच्या पायरीवर बसली आणि सुरीने शिरा तासायला लागली. वड्यांसाठी पिवळ्या वाटाण्याची डाळ वाटून तयार होती. तेवढ्यात कुंपणापलीकडून ओरडा ऐकू आला. शेजारच्या बाई, पन्नाशी उलटलेल्या, अंगावर फुलाफुलांचा एप्रन, हाताला पीठ तसंच. त्या कुंपणाच्या मोडक्या फळीतून आत शिरल्या आणि त्यांनी आईच्या हातातली पानं हिसकावून जमिनीवर टाकली. आईला तेव्हा इंग्रजीचे जेमतेम वीस शब्द येत होते. बाईंनी पोटावर हात ठेवला, डोळे मिटले, मान टाकली. तेव्हा आईला कळलं.

ते रुबार्ब होतं. त्याचे देठ खातात, पानं विषारी. पहिल्या महायुद्धात भाजीचा तुटवडा पडला तेव्हा हीच पानं खायचा सल्ला लोकांना दिला गेला होता आणि विषबाधा झाल्या होत्या. बाईंनी लहानपणी ते ऐकलं होतं आणि चाळीस वर्षं लक्षात ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी त्या देठ साखरेत शिजवून, वर मैदा-लोण्याचा खरपूस भुगा भाजून घेऊन आल्या. आईने दुसऱ्या दिवशी उरलेल्या देठांचे बारीक तुकडे आमटीत टाकले. थेट चुक्याची चव. पुढची नऊ वर्षं आमच्या घरी वसंतात रुबार्बची आमटी होत राहिली. फळीही कधी दुरुस्त झाली नाही.

बाईंच्या दिवाणखान्यात एक फोटो होता, १९३४ चा. त्या आणि त्यांचे यजमान नव्या कोऱ्या घरापुढे उभे आहेत. रस्ता नाही, चिखलावर फळ्या टाकलेल्या, एकही झाड नाही, आणि मागे उघडं माळरान. डॉलिस हिल स्टेशन १९०९ चं. मेट्रोपॉलिटन रेल्वेने 'मेट्रो-लँड' म्हणून या सगळ्या पट्ट्याची जाहिरात केली, १९२४-२५ मध्ये वेम्बलीला साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी रस्ते झाले, आणि दहा-पंधरा वर्षांत शेतं जाऊन घरं आली. फोटो दाखवताना त्या म्हणाल्या होत्या की उतारावरचा शेतकरी आम्हाला 'बाहेरचे' म्हणायचा, आमच्यामुळे त्याच्या गाई बुजतात म्हणायचा.

म्हणजे मी गेलो तेव्हा ती 'जुनी' वस्ती माझ्या वडिलांपेक्षाही लहान होती. एवढंच सांगायला लिहायला बसलो होतो, पण आता बाकीचंही आठवायला लागलंय.

मेथीचे_लाडू

काका, वाचताना अंगावर काटा आला. आणखी लिहा ना. आई स्वयंपाक कसा निभवायच्या? मालवणच्या म्हणताय, मग मासळी?

खाडीकाठ

मासळीचीच गोष्ट सांगतो. विल्सडन हाय रोडवर मासेवाल्याचं दुकान होतं, पुढे उतरती संगमरवरी लादी, त्यावर बर्फ. पहिल्याच आठवड्यात आईने त्या लादीवर बांगडे पाहिले. 'मॅकरेल' हा तिचा एकविसावा इंग्रजी शब्द. तिकडचा बांगडा अंगाने वेगळा, पाठीवर वाकड्यातिकड्या काळ्या रेघा, पण कालवणाला बसतो. पापलेट-सुरमई नाही याचं दुःख तिने पुन्हा कधी काढलं नाही. खोबरं सुकं, किसाचं, पुडीत मिळे. ते गरम पाण्यात भिजवून वाटायचं. आमसुलं गावाहून कुणी आलं तरच, आणि ती संपली की आंबट स्वयंपाकी सफरचंद किंवा रुबार्ब.

तूप घरीच कढवायची. त्यासाठी बिनमिठाचं डॅनिश लोणी शोधत फिरावं लागे. पुरणासाठी पिवळी वाटाण्याची डाळ आणि गुळाऐवजी तपकिरी डेमेरारा साखर. ऑलिव्ह तेल औषधाच्या दुकानात, चिमुकल्या बाटलीत, कान दुखला तर घालायला. हिंग, तूरडाळ, हळद यांसाठी यूस्टन स्टेशनजवळ ड्रमंड स्ट्रीटला जायचं. महिन्यातून एका शनिवारी वडील पिशवी घेऊन जायचे आणि येताना भुयारी रेल्वेच्या डब्यात त्या पिशवीला आपल्या वाण्याच्या दुकानाचा वास येत असे. मी मुद्दाम तिला नाक लावून बसायचो.

रेल्वेवेडा

नीझडनच्या इतक्या जवळ राहून रेल्वेबद्दल एक ओळ नाही? तिथलं वाफेच्या इंजिनांचं शेड १९६२ च्या जूनमध्ये बंद झालं. मेट्रोपॉलिटनच्या लांबच्या गाड्यांना १९६१ पर्यंत वाफेचं इंजिन लागत होतं. आणि लंडन ट्रान्सपोर्टची स्वतःची वाफेची इंजिनं नीझडनहून १९७१ पर्यंत निघत होती, खडी आणि रूळ वाहायला. भुयारी रेल्वे म्हणवणाऱ्या संस्थेकडे इतक्या उशिरापर्यंत वाफ होती हे आजही लोकांना खरं वाटत नाही.

खाडीकाठ

मनातलं बोललात. ग्लॅडस्टन पार्कच्या मधून मालगाडीची लाइन जाते, तिच्यावर पादचारी पूल आहे. शाळा सुटली की आम्ही पाच-सहा पोरं त्या पुलावर. खालून इंजिन आलं की सगळे धुरात, आणि धूर विरल्यावर एकमेकांची काळी तोंडं. वहीत इंजिनांचे नंबर टिपायचो. माझी वही बहिणीने नंतर रद्दीत दिली, त्याचं दुःख अजून आहे.

ट्रॉलीबसही आठवते. क्रिकलवूडच्या रस्त्यावर वरच्या दोन तारांना टेकलेले दांडे, आवाज जवळजवळ नाहीच. १९६२ मध्ये लंडनभरातल्या सगळ्या गेल्या. त्या जागी आलेल्या डिझेल बसचा घरघराट आमच्या खिडकीपर्यंत यायचा.

तारायंत्र

मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली, म्हणून राहवत नाही. डॉलिस हिलच्या माथ्यावर ब्रिटिश पोस्ट ऑफिसचं संशोधन केंद्र होतं. टॉमी फ्लॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोलोसस' हे यंत्र तिथेच बांधलं. १९४३ च्या डिसेंबरात ते चालू झालं आणि पुढे ब्लेचली पार्कला जर्मनांचे गुप्त संदेश फोडायला वापरलं गेलं. दीड हजारांहून जास्त व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या! सत्तरीच्या दशकापर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता. फ्लॉवर्स इतकी वर्षं गप्प राहिले. आमच्या धंद्यातला हा माणूस मला दैवतासारखा आहे. तुम्हाला ती इमारत आठवते का?

खाडीकाठ

आठवते म्हणजे काय! विटांची, भलीमोठी, आमच्या गल्लीच्या टोकावरून दिसायची. संध्याकाळी सायकलींचा लोंढाच तिथून उताराने खाली यायचा. आम्हाला एवढंच ठाऊक, की तिथे टेलिफोनचं काहीतरी करतात. पलीकडच्या बाईंना मात्र तिचा अभिमान होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. प्रीमियम बाँड या सरकारी बचत रोख्यांच्या सोडतीचे नंबर काढणारं 'अर्नी' हे यंत्र तिथेच बनलं आणि पहिली सोडत १ जून १९५७ ला झाली. बाईंनी एका पौंडाचा बाँड घेतला होता आणि 'आमच्या टेकडीवरचं यंत्र' मला फसवणार नाही असं म्हणायच्या. कोलोससची हकीकत मी ठाण्याला आल्यावर कितीतरी वर्षांनी वाचली. त्याच टेकडीखाली चर्चिलच्या मंत्रिमंडळासाठी राखीव भुयारी दालनं होती हेही तेव्हाच वाचलं. आम्ही वर गोट्या खेळत होतो.

स्पष्टवक्ता

लेख आवडला, पण मूळ मुद्दा पटला नाही. १९३४ मध्ये आलेले लोक देशातलेच होते, इंग्रजच होते. भाषा एक, धर्म एक. शेत जाऊन घर येणं आणि परदेशातून माणसं येणं या दोन्हींना एकाच तागडीत कसं टाकणार? आणि परदेशी आले म्हणूनच जुने रहिवासी निघून गेले, हेही खरंच आहे ना?

खाडीकाठ

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. दोन गोष्टी सांगतो.

पलीकडच्या बाई इंग्रज नव्हत्या. हे मला त्यांच्या शेजारी राहूनही चार वर्षं कळलं नाही. एकदा मी फळीतून आत गेलो, त्या ओट्याशी भांडी घासत गात होत्या, आणि एक शब्दही मला कळेना. वेल्श होत्या त्या. दक्षिण वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावच्या. तिसाच्या दशकातल्या मंदीत खाणी बंद पडल्या, हजारो वेल्श कुटुंबं लंडनच्या नव्या कारखान्यांकडे आली, त्यांतलं हे एक. घरात वेल्श, रविवारी वेल्श प्रार्थना. इंग्रजी त्या शाळेत शिकल्या होत्या आणि डॉलिस हिलला आल्यावर त्यांच्या उच्चारांवरून दुकानात लोक हसायचे. आईला त्या इंग्रजी शिकवायच्या तेव्हा इतका धीर का धरायच्या, हे मला त्या दिवशी समजलं.

बाकीच्या गल्लीचं सांगतो. आमचा घरमालक पोलिश सैनिक. ब्रिटिशांच्या बाजूने लढला, आणि युद्धानंतर परतायला देशच तसा उरला नाही. वरच्या मजल्यावर आयर्लंडच्या मेयोचं जोडपं. नवरा पहाटे क्रिकलवूड ब्रॉडवेवर 'क्राउन' दारूगुत्त्यासमोर उभा राहायचा, आपल्याकडे नाक्यावर कामगार उभे राहतात तसा. ठेकेदाराची गाडी यायची आणि निवडक माणसं उचलून न्यायची. समोर शिंप्याचं ज्यू कुटुंब, लंडनच्याच ईस्ट एंडहून आलेलं. कोपऱ्यावर बार्बाडोसचा बस कंडक्टर. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६ पासून थेट बार्बाडोसला जाऊन भरती केली होती. यांतला कुणीही विनाकारण आला नव्हता आणि बरेच जण तर बोलावलेले होते.

दुसरं, निघून जाण्याबद्दल. काही जण आमच्यासारख्यांमुळे गेले, ते नाकारत नाही. दोन घरं तशी गेल्याचं मला माहीत आहे, आणि जाताना ते काय बोलले तेही माहीत आहे. पण आधीपासून गाड्या भरून जाणारे त्याहून पुष्कळ होते. युद्धकाळातच, १९४४ च्या ॲबरक्रॉम्बी आराखड्यात, लंडनमधून दहा लाखांवर माणसं बाहेर हलवायचं ठरलं होतं. त्यासाठी नवी शहरं वसवली. बाईंची थोरली लेक लग्नानंतर हेमेल हेम्पस्टेडला गेली, कारण तिथे नवऱ्याला नोकरी आणि बरोबर नवं घर मिळत होतं. कॅरेबियन कंडक्टर येण्याआधीच ती गेली होती. म्हणून 'हे आले म्हणून ते गेले' हे एवढ्यावर संपत नाही. जागा रिकामी होत होती आणि भरत होती.

स्पष्टवक्ता

वेल्श बाईंचं वाचून थांबलो. हे मला माहीत नव्हतं. विचार करतो.

शुभदा_म

माझे वडील १९६३ मध्ये इस्पितळात नोकरीला गेले. तेव्हा नॅशनल हेल्थ सर्व्हिसला भारतीय डॉक्टर हवेच होते, पण डॉक्टरला राहायला खोली कुणी देईना. वर्तमानपत्रवाल्याच्या दुकानाच्या काचेवर खोल्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असत. त्यांतल्या कित्येकींच्या तळाशी 'काळे नकोत' असं सरळ लिहिलेलं. १९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीत ते बंद झालं. तोवर ते कायदेशीर होतं! वडील फोनवर बोलायचे तेव्हा खोली मोकळी असायची आणि दारात उभे राहिले की पाच मिनिटांपूर्वीच गेलेली असायची. एक दिवस आई म्हणाली, फोनवरच सांगा आपण कोण ते, चपला तरी झिजणार नाहीत. ते वाक्य आमच्या घरात अजून म्हणतात.

काका, तुम्हाला शाळेत काही त्रास झाला का? नको वाटलं तर सांगू नका.

खाडीकाठ

सांगतो. शाळेचं नाव घेणार नाही. पहिल्याच दिवशी बाईंनी हजेरीत माझं नाव दोनदा वाचायचा प्रयत्न केला, मग म्हणाल्या, तुला आपण 'व्हिक्टर' म्हणू. सहा वर्षांच्या पोराला वाटलं की इथे असंच असतं. तीन वर्षं मी शाळेत व्हिक्टर आणि घरी विश्वनाथ. आईला पत्ता नव्हता. मग शाळेच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवायला ती आली आणि 'व्हिक्टर' अशी हाक मारल्यावर मी उठून उभा राहिलेला तिने पाहिला. घरी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बाईंना घेऊन शाळेत गेली. आई मराठीत बोलली, बाईंनी त्याचं काय इंग्रजी केलं ठाऊक नाही, त्यांना मराठी येत नव्हतं. पण सोमवारपासून हजेरीत विश्वनाथ आला. चुकीच्या उच्चाराने, पण आला.

दूधही आठवतं. सकाळच्या सुट्टीत प्रत्येकाला पाइंटच्या तिसऱ्या हिश्श्याची छोटी बाटली, सरकारकडून फुकट. हिवाळ्यात ती रेडिएटरशेजारी ठेवत आणि मग कोमट दुधाचा जो वास येई, तो मला अजून सहन होत नाही.

आणि पैसे! १२ पेनीचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. मी ते पाठ करत होतो आणि मुंबईहून मावशी पत्रात लिहीत होती की आता रुपयाचे १०० नये पैसे झालेत. वर्गात मी सांगितलं, आमच्याकडे दशमान आहे. बाईंनी विश्वास ठेवला नाही. इंग्लंडमध्ये ते १९७१ मध्ये आलं, तोवर मी कॉलेजात होतो, पुण्यात.

मेथीचे_लाडू

दिवाळी करायचा का?

खाडीकाठ

करायचो, आणि फटाकेही उडवायचो, गाय फॉक्सच्या कृपेने! पार्लमेंट उडवायचा त्याचा जुना कट फसला म्हणून ५ नोव्हेंबरला तिकडे शेकोटी आणि फटाके. आधीचे दोन-तीन आठवडे वर्तमानपत्रवाल्याकडे फटाके विकायला असत. आम्ही तेव्हाच घेऊन ठेवायचो आणि दिवाळी पुढे-मागे असेल त्याप्रमाणे उडवायचो. १९६४ मध्ये दिवाळी आणि ५ नोव्हेंबर अगदी लागून आले. सगळ्या गल्लीची शेकोटी आमच्या परसात झाली, कारण आमचंच परसू सगळ्यात लांब. आयरिश बाई बटाटे निखाऱ्यात पुरत होत्या, बार्बाडोसचे काका मुलांना भुईचक्र लावून देत होते, आणि आईने सत्तर करंज्या केल्या होत्या, सुक्या खोबऱ्याच्या. शेल्टरच्या पत्र्यावर ओळीने पणत्या, म्हणजे जॅमच्या बरण्यांची झाकणं आणि त्यात मेणबत्त्यांचे तुकडे. पोलिश मालक बराच वेळ त्या दिव्यांकडे बघत उभा होता. त्यांच्याकडेही नोव्हेंबरच्या सुरुवातीला थडग्यांवर दिवे लावतात, असं त्याने वडिलांना सांगितलं.

नाना_गिरगावकर

१९६२-६३ चा हिवाळा तुम्ही तिथे काढलात की. त्याबद्दल लिहा. माझा भाऊ तेव्हा लीड्सला होता, त्याची पत्रं आहेत माझ्याकडे.

खाडीकाठ

नाना, ती पत्रं जपून ठेवा.

आधी डिसेंबरच्या सुरुवातीला धुरकं पडलं. १९५२ च्या भयंकर धुरक्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला होता, तरी सगळीकडचा धूर एवढ्यात थांबला नव्हता. चार दिवस पिवळट अंधार. बसच्या पुढे कंडक्टर हातात टॉर्च घेऊन चालतोय, मागून बस पावलापावलाने येतेय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वडील पार्क रॉयलहून कुंपणांना हात लावत-लावत आले. रुमाल तोंडावर बांधलेला, आणि नाकासमोर त्याच्यावर दोन काळे ठिपके.

मग नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला आणि मार्चपर्यंत हटला नाही. दाराबाहेरच्या बाटल्यांतलं दूध गोठून साय वर यायची आणि डोक्यावर चंदेरी झाकणाची टोपी घेऊन उभी राहायची. त्या झाकणाला चिमुकले निळे पक्षी चोची मारत. नळ बाहेरच्या भिंतीवरून गेलेले, ते गोठले. बहिणीच्या पायांची बोटं सुजून लाल झाली. उष्णता एका रॉकेलच्या हीटरची, त्याच्याभोवती आम्ही चौघं. कोळशाची पोती प्रत्येकी ११२ पौंडांची. कोळसेवाला पाठीवरून एकेक ओतायचा आणि बायका खिडकीतून मोजायच्या, एखादं कमी टाकायला नको म्हणून. आईही मराठीतून मोठ्याने मोजायची. तिसऱ्या खेपेला कोळसेवाला तिच्याबरोबर 'एक, दोन, तीन' म्हणायला लागला.

हॅरोकर

धागा पहिल्यापासून वाचतेय. मी गेली १९ वर्षं हॅरोला आहे. काका, तुम्हाला कदाचित माहीत असेल, महाराष्ट्र मंडळ लंडन, १९३२ पासूनचं, त्याची वास्तू आज डॉलिस हिल लेनवरच आहे. गणपतीला आम्ही दरवर्षी तिथे जातो! तुम्ही एकटे मराठी म्हणून ज्या रस्त्यावरून चालत होता, तिथे आता आरतीचा आवाज येतो.

पलीकडे नीझडनला १९९५ चं स्वामिनारायण मंदिर आहे. बल्गेरियाचा चुनखडी दगड आणि इटलीचा संगमरवर गुजरातेत कोरून आणला आणि इथे जोडला. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने हाकललेले आशियाई लोक या सगळ्या पट्ट्यात आले, वेम्बलीचा ईलिंग रोड त्यांनीच उभा केला. कोल्स ग्रीन रोडवर ऑक्सगेट फार्म नावाचं सोळाव्या शतकातलं शेतघर अजून उभं आहे. तुमच्या गोष्टीतला तो गाईवाला शेतकरी कुठला होता देव जाणे, पण त्या काळातलं एक घर तरी शिल्लक आहे.

गल्लीचं नाव मला निरोपातून कळवाल का? पुढच्या शनिवारी मंडळात कार्यक्रम आहे, जाऊन बघून येईन.

खाडीकाठ

कळवलंय. मंडळाचं माहीत होतं, पण पत्ता डॉलिस हिल लेनवरचा आहे हे आज कळलं. थोडा वेळ काही सुचलं नाही.

हॅरोकर

जाऊन आले. प्रिव्हेटचं कुंपण कुठेच नाही. पुढच्या बागा फरशी घालून गाड्या लावायला केल्यात. तुमच्या घराचं दार नवं आहे, पांढरं, प्लास्टिकचं. पण शेजारच्या घराला जुनंच दार आहे आणि त्यात काचेचा सूर्य आहे, एक किरण तडकलेला. मी बघत उभी होते तेव्हा आतून एक बाई आल्या, सोमालियाच्या. कुणाला शोधताय विचारलं. मी तुमची गोष्ट सांगितली, रुबार्बची सुद्धा. त्यांनी आत बोलावून चहा दिला, वेलची-दालचिनी घातलेला. म्हणाल्या, हे दार बदलू नका असं घर विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, का ते मात्र सांगितलं नव्हतं.

मागे जायला जमलं नाही, पाऊस होता.

खाडीकाठ

तडकलेला किरण डावीकडचा खालचा असेल तर तो माझ्या चेंडूने तडकलाय. १९६१. बाईंनी कधी बदलून घेतला नाही.

१९६७ मध्ये आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी आईला एक वाडगा दिला. नाताळच्या पुडिंगचा, जाड पांढऱ्या मातीचा, काठाखाली दोरा बांधायला खोबण. आई त्यात दही लावायची, आता माझी सून लावते. बाई १९७४ मध्ये गेल्या. त्यांच्या हेमेल हेम्पस्टेडच्या लेकीचं निळं हवाई पत्र आलं होतं, ते आईच्या पोथीत होतं.

हॅरोकर, एक काम सांगू का? रुबार्बची मुळं चिवट असतात, वर्षानुवर्षं टिकतात. शेल्टर गेलं असेल, पण जाता-जाता माती तिथेच पसरली असेल. एप्रिलात मंडळाकडे जाणं झालं तर त्या बाईंना विचारून मागच्या परसाच्या टोकाला बघाल का? कुंपणापलीकडून दिसेल. तांबडे देठ. आणि त्यांच्या घरी लहान मुलं असतील तर पानांचं सांगा.